ताप उतरला, पण आत काय झालं? एचआयव्हीचे पहिले काही आठवडे



ताप आला की आपण काय करतो? एखादी गोळी घेतो, काढा पितो, डोक्याला फडकं बांधतो आणि कामाला लागतो. चार-आठ दिवसांत ताप उतरला की विषय संपला. बहुतेक तापांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. पण एक ताप असा आहे, की तो उतरल्यावर माणूस ठणठणीत दिसतो आणि आत मात्र मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. एचआयव्हीची लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी येणारा हा ताप.

एचआयव्ही कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे आपण शिबिरांमध्ये ऐकलेलं आहे. पण शरीरात शिरल्यावर तो नेमकं काय करतो, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. या धड्यात आपण तेच बघणार आहोत. ते एकदा नीट कळलं, की तपासणी लवकर का करायची, एकदा निगेटिव्ह आली तरी पुन्हा का करायची, आणि अंगात काही त्रास नसताना रोज गोळी का घ्यायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

शरीरातला बचत गट

आपल्या रक्तात लाल पेशी असतात तशा पांढऱ्या पेशीही असतात. पांढऱ्या पेशींचं काम म्हणजे रोगजंतूंशी लढणं. पण त्या सगळ्या एकच काम करत नाहीत. आपल्या गटात जशी कामं वाटलेली असतात, तशी त्यांच्यातही वाटलेली असतात.

काही पेशी पहारेकरी असतात. कातडीखाली, तोंडात, आतड्यात, योनीमार्गाच्या अस्तरात त्या बसलेल्या असतात. बाहेरचा जंतू दिसला की त्याला पकडून पुढे वर्दी देतात. काही पेशी मारक असतात. ज्या पेशीत जंतू शिरला आहे ती पेशीच त्या नष्ट करतात. त्यांना सीडी-८ पेशी म्हणतात. काही पेशी प्रतिपिंडं तयार करतात. प्रतिपिंड म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारा पदार्थ.

आणि या सगळ्यांना कामाला लावणाऱ्या असतात त्या मदतनीस पेशी, म्हणजे सीडी-४ पेशी. पहारेकऱ्यानं आणलेली वर्दी त्या ऐकतात, मारक पेशींना जोर देतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्यांना काम सांगतात. गटात बैठक बोलावणारी, हप्त्याची आठवण करणारी, बँकेत कागद नेणारी सचिव ताई असते ना, तशी ही सीडी-४ पेशी समजा. सचिव ताई नसेल तर बाकीच्या नऊ-दहा जणी असूनही बैठक वेळेवर होत नाही. तसंच शरीराचं आहे.

निरोगी मोठ्या माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबात, साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विषाणू नेमका सचिवालाच गाठतो

एचआयव्ही हा विषाणू आहे. विषाणूला स्वतःहून वाढता येत नाही, त्याला दुसऱ्याचं घर लागतं. एचआयव्हीच्या अंगावर जे खुंट असतात, ते सीडी-४ पेशीच्या अंगावरच्या कडीत बरोबर बसतात. त्या कडीचंच नाव सीडी-४, आणि त्यावरून पेशीचं नाव. ती कडी आणि तिच्या जोडीची आणखी एक कडी, अशा दोन्ही सापडल्या की विषाणू आत शिरतो.

आत गेल्यावर तो काय करतो बघा. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. पेशीनं कोणतं काम कसं करायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. एचआयव्ही स्वतःची माहिती त्याच लिपीत उतरवतो आणि आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत कुणीतरी गुपचूप खोटा ठराव लिहून ठेवावा आणि सचिवानं तो गटाचाच समजून अमलात आणावा, तसला हा प्रकार. आता पेशी स्वतःचं काम सोडून नवे विषाणू तयार करत बसते. ते बाहेर पडून पुढच्या सीडी-४ पेशींत शिरतात, आणि जुनी पेशी मरते.

पहिले चार आठवडे, दिवसांच्या हिशेबानं

असुरक्षित शरीरसंबंधातून लागण झाली असं धरू. पहिले काही दिवस विषाणू जिथून शिरला तिथल्याच थोड्या पेशींत असतो. इथं एक वाईट गोष्ट घडते. पहारेकरी पेशी नेहमीसारखं आपलं काम करायला जातात, विषाणूला पकडून जवळच्या गाठींपर्यंत नेतात. काखेत, मानेत, जांघेत ज्या गाठी सुजतात ना, त्या या. तिथं सीडी-४ पेशी दाटीवाटीनं असतात. म्हणजे वर्दी द्यायला गेलेल्या पहारेकऱ्यानं चोरालाच घरात आणून सोडलं.

दहाएक दिवसांनी विषाणू रक्तात सापडू लागतो. तिथून पुढे तो झपाट्यानं वाढतो. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये लाखो, कधी दहा लाखांच्याही वर विषाणू असतात. याच दिवसांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंग आणि सांधे दुखतात, गाठी सुजतात, कधी अंगावर पुरळ उठतं. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या रुग्णांचा असा एक अभ्यास झाला होता. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. नुकती लागण झालेल्यांमध्ये ताप, सांधेदुखी आणि रात्री घाम सुटणं ही लक्षणं जास्त दिसतात, असं त्यात आढळलं.

आता घाबरू नका बरं. पावसाळ्यात आपल्या गावात येणारा ताप बहुतेक वेळा साधा, नाहीतर मलेरिया-डेंग्यूचा असतो. आणि एचआयव्हीची लागण झालेल्या प्रत्येकाला ताप येतोच असंही नाही. काहींना काहीच कळत नाही. म्हणून तापावरून एचआयव्ही ओळखता येत नाही, आणि ताप आला नाही म्हणून एचआयव्ही नाही असंही म्हणता येत नाही.

खरं नुकसान आतड्यात

आपल्याला वाटतं, रोगाशी लढणाऱ्या पेशी म्हणजे रक्तातल्या पेशी. पण त्यातला मोठा वाटा आतड्याच्या अस्तरात राहतो. ते साहजिकच आहे. आपण जे खातो-पितो त्यातून रोज किती जंतू पोटात जातात! तिथं पहारा पक्का लागतोच.

आतड्यातल्या सीडी-४ पेशींवर एचआयव्हीला लागणाऱ्या दोन्ही कड्या भरपूर असतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू तिथल्या या पेशींचा फडशा पाडतो. ज्या पेशींत तो शिरला त्या तर मरतातच, पण ज्यांच्यात तो नीट शिरूही शकला नाही अशा आसपासच्या पेशीही मरतात. रक्ताची तपासणी केली तर तिथं सीडी-४ थोड्याच कमी झालेल्या दिसतील, कारण आतड्यात काय झालं ते रक्ताच्या थेंबात पूर्ण उमटत नाही.

पहारा उठल्यावर आतड्याची भिंत कमजोर होते. आतल्या जंतूंचे अंश झिरपून रक्तात येत राहतात. मग शरीराची लढणारी यंत्रणा रात्रंदिवस जागी राहते. सतत जागरण झालं की माणूस थकतो, तशा उरलेल्या पेशीही थकत जातात. पुढच्या काही वर्षांत जी ढासळण दिसते, तिचं मूळ या पहिल्या आठवड्यांत असतं.

मग बरं का वाटतं?

कारण शरीर गप्प बसत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मारक पेशी जोरात कामाला लागतात. विषाणूची संख्या खाली येते, रक्तातल्या सीडी-४ पेशी पुन्हा थोड्या वाढतात, ताप उतरतो. माणूस शेतात जातो, ऊसतोडीला जातो, गाडी चालवतो. कुणाला शंकाही येत नाही.

पण लढाई जिंकलेली नसते. विषाणू नक्कल करताना सारख्या चुका करतो, त्यामुळे त्याचं रूप बदलत राहतं. जुन्या रूपावर तयार केलेली प्रतिपिंडं नव्या रूपाला नीट ओळखत नाहीत. शिवाय काही सीडी-४ पेशींत तो खोटा ठराव नुसता लिहून पडलेला असतो, पेशी झोपलेली असते. तिला मारक पेशी ओळखू शकत नाहीत, आणि औषधाचाही तिच्यावर परिणाम होत नाही. वावरातला लव्हाळा आठवा. वरचा पाला कितीही खुरपला तरी खालच्या गाठी राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा कोंब येतो. या झोपलेल्या पेशी म्हणजे त्या गाठी. त्या लागण झाल्यावर अगदी पहिल्या दिवसांतच तयार होऊ लागतात. एचआयव्ही आजही मुळासकट का जात नाही, त्याचं कारण हेच.

उपचार न घेतल्यास सीडी-४ पेशी वर्षागणिक कमी होत जातात. साधारण आठ-दहा वर्षांत त्या २०० च्या खाली येतात. तेव्हा टीबी, न्यूमोनिया, तोंडातली बुरशी असे आजार गाठतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही आणि एड्स एकच नव्हे. मध्ये कित्येक वर्षं जातात, आणि ती सगळी वर्षं माणूस बरा दिसत असतो.

चाचणी निगेटिव्ह आली, तरी?

ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी केंद्र असतं. तिथं मोफत तपासणी आणि समुपदेशन होतं. तिथली नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. प्रतिपिंडं तयार व्हायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे ज्या दिवसांत रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो आणि लागण सगळ्यात सहज होते, नेमक्या त्याच दिवसांत चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

म्हणून धोक्याचा प्रसंग घडून तीन महिने झाले नसतील, तर निगेटिव्ह रिपोर्ट हा अर्धाच निकाल समजा. समुपदेशकाला तारीख खरी सांगा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या. तोवर निरोध वापरा. पॉझिटिव्हच्या बाबतीत उलट काळजी घेतली जाते. एका चाचणीवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच सांगतात.

"माझा कुठं संबंध? मी तर घरातली बाई." असं अनेकींना वाटतं. पुण्यातल्याच दवाखान्यांत आलेल्या बायकांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला होता. देहविक्रीत नसलेल्या या बायकांपैकी १०० मागे जवळपास १४ जणींना लागण होती, आणि बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध आलेला नव्हता. हा आकडा दवाखान्यात आलेल्या, म्हणजे आधीच काही तक्रार असलेल्या बायकांचा आहे, सगळ्या गावाचा नाही. पण लग्न झालंय म्हणून आपण सुरक्षित, हे त्यानं खोटं ठरवलं. तपासणीला गेली म्हणजे बाई वाईट, हे मनातून काढून टाका. आणि शक्य असेल तिथं नवरा-बायको दोघांनी मिळून तपासणी करावी.

गोळी लवकर का?

पूर्वी सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याच्या खाली आल्या की मगच औषध सुरू व्हायचं. २०१५ साली ३५ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास जाहीर झाला. या सगळ्यांच्या सीडी-४ पेशी ५०० च्या वर होत्या, म्हणजे ते दिसायला आणि रिपोर्टलाही चांगले होते. त्यातल्या निम्म्यांना लगेच औषध दिलं, निम्म्यांना जुन्या पद्धतीनं थांबवलं. लगेच औषध घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आता तुम्हाला त्याचं कारण कळेल. पेशींचं नुकसान पहिल्या महिन्यातच सुरू झालेलं असतं, मग थांबायचं कशाला?

आपल्या देशात सरकारी एआरटी केंद्रातून हे औषध २००४ पासून मोफत मिळतं. २०१७ पासून नियम असा आहे, की तपासणीत पॉझिटिव्ह आलं की सीडी-४ कितीही असोत, औषध सुरू करायचं. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती विषाणूला नक्कल करू देत नाही. नवे विषाणू तयार झाले नाहीत, की सीडी-४ पेशींना पुन्हा वाढायला उसंत मिळते. जितकं लवकर सुरू, तितक्या पेशी वाचतात आणि लव्हाळ्याच्या गाठीही कमी राहतात.

पण गाठी राहतातच. म्हणून बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली, की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा उसळतो. मध्ये मध्ये खाडे झाले तर तो त्या औषधाला दादही देईनासा होतो. कर्जाचा हप्ता जसा एकही चुकू देत नाही, तशी ही गोळी.

रोज गोळी घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की तो तपासणीत सापडत नाही. तो तसाच दाबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सिद्ध करण्यात पुण्याचाही वाटा आहे. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला, त्यात पुण्यातलं केंद्रही होतं. २०११ साली त्याचा निकाल आला. लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली.

पोटात बाळ असेल तर

गरोदरपणात पहिल्याच नोंदणीला एचआयव्हीची तपासणी होते. ती जरूर करून घ्या. पण समजा, ती निगेटिव्ह आली आणि नंतर सातव्या महिन्यात किंवा बाळ अंगावर पीत असताना लागण झाली, तर? तेव्हा आईच्या रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो आणि बाळाला धोकाही तेव्हाच सगळ्यात जास्त. जुना निगेटिव्ह रिपोर्ट बघून सगळे निश्चिंत असतात. म्हणून काही शंका असेल तर आशाताईला किंवा नर्सताईला सांगून तपासणी पुन्हा करून घ्या.

काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १०० मागे १५ ते ४५ असतं. आईनं वेळेत गोळ्या घेतल्या, बाळाला जन्मानंतर औषध दिलं आणि दूध पाजण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला पाळला, तर ते ५ च्या खाली येतं.

आणखी एक. कुणावर जबरदस्ती झाली, किंवा दवाखान्यात काम करताना वापरलेली सुई टोचली, तर लागण रोखण्याचं औषध असतं. ते ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. विषाणू गाठींपर्यंत पोचायच्या आत त्याला अडवायचं असतं, म्हणून ही घाई. सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

गटानं काय करायचं?

एकत्र जेवल्यानं, एका हंड्यातलं पाणी प्यायल्यानं, शेजारी बसल्यानं, डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही. लागण असलेल्या ताईनं आणलेला डबा खायला, तिच्या हातचे पापड विकायला काहीही हरकत नाही. तिला गटातून काढणं, कर्ज नाकारणं तर लांबच राहिलं.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाचा रिपोर्ट चारचौघांत सांगता येत नाही, आणि लागण आहे म्हणून राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. नवरा गेल्यावर ज्या बाईला सासरी दार बंद होतं, तिच्यासाठी ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत फोन नंबर आहे, नाव न सांगताही बोलता येतं.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. सीडी-४ पेशीला आपण सचिव का म्हटलं? तुमच्या शब्दांत सांगा.

२. एका ताईचा नवरा महिन्यापूर्वी बाहेरगावाहून आला. तिची तपासणी आज निगेटिव्ह आली. तिला काय सांगाल?

३. "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" असं म्हणणाऱ्याला आतड्यातल्या पेशींची गोष्ट कशी समजावाल?

४. आपल्या जवळचं आयसीटीसी केंद्र कुठे आहे, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत चालू असतं, जायला एसटी कोणती? एकीनं चौकशी करून पुढच्या बैठकीच्या वहीत लिहून ठेवावं.

चर्चा करताना गावातल्या कुणाचंही नाव घेऊ नका, अंदाजानंही नको. आपल्यातली एखादी हे सगळं गप्प बसून ऐकत असेल. तिला उद्या केंद्रात जावंसं वाटलं पाहिजे, आणि जाताना सोबतीला कुणाला विचारायचं हेही तिला आजच कळलं पाहिजे.